भिंगकाकूंची जोडी

ड्रायव्हरकाकांना बायकोबद्दल बोलायला निमित्त लागत नसे. केस कापायला बसले की न्हाव्याला, दवाखान्यात नंबर लावला की शेजारच्या अनोळखी पेशंटला ते सांगून मोकळे व्हायचे, की आमची ही कॅमेऱ्याच्या लेन्स दुरुस्त करते, चौतीस वर्षं करते आहे, आणि या शहरात असा एक फोटोग्राफर दाखवा ज्याच्या लेन्सच्या पोटात हिचा हात गेलेला नाही. स्वतः काकांनी एकतीस वर्षं शहराची बस चालवली होती. पण त्याबद्दल विचारलं तर म्हणायचे, "रस्ता होता, बस होती, मी आपला बसलो होतो."

कॅमेऱ्याच्या दुकानाच्या मागच्या बाजूला काकूंची खोली होती. उत्तरेकडे एक मोठी खिडकी, टेबलावर हिरवी रबरी चटई, कारण लाकडावर पडलेला स्क्रू उडी मारून कुठे जाईल याचा नेम नसतो. समोर कप्प्याकप्प्यांचा ट्रे. पहिला स्क्रू पहिल्या कप्प्यात, दुसरा दुसऱ्यात. जोडताना उलट्या क्रमाने. पंखा लावायचा नाही, धूळ उडते. ऐन उन्हाळ्यातसुद्धा काकू त्या खोलीत दार लावून बसायच्या आणि संध्याकाळी घरी आल्या की आधी पंख्याखाली दहा मिनिटं डोळे मिटून पडायच्या. एका जुन्या गिऱ्हाइकाने त्यांना 'भिंगकाकू' म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पुढे सगळ्यांच्या तोंडी बसलं.

दुरुस्त केलेली प्रत्येक लेन्स तपासून द्यायची तर फोटो काढून बघावा लागतो. खिडकीसमोर, गल्लीच्या पलीकडे, विटांची एक भिंत होती. सरळ रांगा, स्वच्छ कडा, तपासायला उत्तम. चौतीस वर्षांत काकूंनी हजारो फोटो काढले आणि ते सगळे त्या एका भिंतीचे. काका चेष्टेने म्हणायचे, "त्या भिंतीला इतक्या फोटोंवर एव्हाना चांगलं स्थळ मिळायला हवं होतं."

मग मालकांनी दुकान बंद करायचं ठरवलं. त्यांचे गुडघे गेले होते आणि पुढे चालवणारं कुणी नव्हतं. शेवटच्या दिवशी सगळी जुनी गिऱ्हाइकं जमली. त्यांनी मिळून काकूंसाठी एक डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा आणला होता, फक्त कॅमेरा, लेन्सशिवाय. मालकांनी आपलं काचेचं कपाट उघडलं. आत मखमलीवर वीस-बावीस लेन्स मांडल्या होत्या.

"यातल्या तुम्हाला हव्या त्या दोन घ्या," मालक म्हणाले. "संकोच करायचा नाही."

लोकांना वाटलं, काकू तिथल्या तिथे हात घालतील. काकूंनी कपाटाकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "मला पंधरा दिवस द्या."

"पंधरा दिवस?" कुणीतरी हसलं. "काकू, लेन्स घ्यायच्यात, जावई नाही शोधायचाय."

"जावई मी एका दिवसात पसंत केला होता," काकू म्हणाल्या. "त्याला मला रोज डोळ्याला लावायचं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलावर कॅमेरा ठेवून काकूंनी तो काकांना समजावला. कपाटातली एक छोटी लेन्स त्यांनी बघण्यापुरती लावून आणली होती. हा कॅमेरा जरा हट्टी जातीचा. आपोआप फोकस करणं त्याला ठाऊक नाही. कोपऱ्यात एक खिडकी असते, तिच्यातून बघायचं. मधोमध एक उजळ चौकोन दिसतो आणि त्या चौकोनात समोरची वस्तू दोनदा दिसते. लेन्सवरची कडी फिरवत ती दोन चित्रं एकावर एक आणायची. जुळली की फोकस झाला. त्याच खिडकीत पांढऱ्या रेघांची चौकट असते, ज्या मापाची लेन्स त्या मापाची चौकट. माप मिलिमीटरमध्ये, आकडा लहान तितकं जास्त मावतं, मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं.

काकांनी डोळा लावला, कडी फिरवली, श्वास रोखला. "अगं, दोन कप होते, एक झाला!"

"मग झालं की. आता बटण दाबा."

काकांनी बटण दाबलं. इतका बारीक आवाज आला की त्यांना वाटलं फोटो निघालाच नाही.

तिथून पुढे घरात सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. रोज कुणीतरी फोन करायचं. कुणी म्हणे अठ्ठावीस घ्या, सगळं जग मावतं. कुणी म्हणे नव्वद घ्या, चेहरे काय सुंदर येतात! आणि पन्नास तर हवीच, याबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत. रविवारी लेक आली, तिनेही नेटवर वाचून ठेवलं होतं. "आई, सगळीकडे हेच लिहिलंय. पन्नास घ्यायची आणि मग दुसरीचा विचार करायचा."

"लिहिणाऱ्याला मी काय काढणार आहे ते माहीत आहे का?" काकूंनी विचारलं.

"तू काय काढणार आहेस?"

"ते अजून मलाही पुरतं माहीत नाही. म्हणून तर पंधरा दिवस."

चौथ्या दिवशी साहेब आले. साहेब म्हणजे शहरातले सगळ्यात नावाजलेले फोटोग्राफर. मोठमोठ्या माणसांचे चेहरे त्यांनी टिपलेले, मासिकांच्या मुखपृष्ठांवर त्यांचं काम आलेलं. काकांनी घाईघाईने खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचललं. साहेबांनी पिशवीतून एक जाडजूड, भरभक्कम लेन्स काढली. पुढची काच बशीएवढी. पन्नासच्या मापाची होती, आणि मेणबत्तीच्या उजेडातही फोटो काढेल अशी तिची ख्याती.

"ही घ्या, काकू. कपाटातली एक घ्या आणि ही दुसरी. माझ्याकडे पडूनच आहे."

"पडून का?"

साहेब जरा घुटमळले. "आता तुमच्यापासून काय लपवायचं. दोन वर्षं झाली, मी डोळ्यावर फोकस करतो आणि फोटोत कान स्पष्ट येतो. डॉक्टर म्हणतात डोळे ठीक आहेत. पण वय कुणाला चुकलंय? माणसांचे फोटो घेणं सोडलं मी. इमारतींचे काढतो. लांबच्या असतात, चुकलं तरी खपतं."

काकूंनी चहा टाकला आणि चहा उकळेपर्यंत टेबलावर पुस्तकांच्या चळतीवर कॅमेरा ठेवून त्याला साहेबांची लेन्स लावली. समोर, दीड हात अंतरावर, मोजपट्टी तिरकी उभी केली, एक टोक जवळ, एक लांब. मग पट्टीवरच्या पन्नासच्या आकड्यावर फोकस करून फोटो काढला, मागच्या पडद्यावर मोठा करून पाहिला. पन्नास पुसट होता. त्याच्या मागचा चोपन्न लख्ख.

"अहो, इकडे या," त्यांनी काकांना बोलावलं. "पन्नासवर फोकस करा."

काकांनी जीभ दातात धरून कडी फिरवली. चोपन्न लख्ख.

"साहेब, आता तुम्ही."

साहेबांनी तीनदा जुळवलं. चोपन्न.

"आता मला सांगा," काकू म्हणाल्या, "तिघांचे डोळे एकाच दिवशी, एकाच मापाने बिघडले काय?"

काकूंनी ती लेन्स काढून छोटी लेन्स लावली, पुन्हा पन्नासवर फोकस केला. पन्नास लख्ख आला. म्हणजे कॅमेराही निर्दोष होता.

"पण वीस वर्षं मी हिच्यावर काम केलंय, काकू."

"फिल्मवर थोडंफार खपून जायचं. डिजिटल मेलं काही लपवू देत नाही. आणि दोन वर्षांपूर्वी ही कुठे पडली होती का?"

साहेबांनी आठवायला वेळ घेतला. "जिन्यावर. पिशवीसकट. पण काचेला ओरखडासुद्धा आला नव्हता."

"काच दिसते, म्हणून सगळे काचच बघतात," काकू म्हणाल्या. "चार दिवसांनी या."

दुकान बंद झालं होतं, म्हणून ते काम घरीच झालं. काकूंनी जेवणाच्या टेबलावर हिरवी चटई अंथरली, पंखा बंद केला आणि काकांना स्वयंपाकघरात जेवायला सांगितलं. लेन्स उघडल्यावर दोष सापडला. आत काचांचा एक गट कागदाइतक्या पातळ धातूच्या कड्यावर टेकलेला असतो. पडल्यामुळे ते कडं एका बाजूने दबलं होतं. काकूंनी नवं कडं घासून घासून बसवलं, काढलं, पुन्हा घासलं. तिसऱ्या दिवशी दुपारी काकांना आतून एकच शब्द ऐकू आला. "आलं!" तो ऐकून काका उगाचच अंगणात जाऊन एक फेरी मारून आले.

साहेब आले तेव्हा काकूंनी काकांना खिडकीपाशी बसवलं. "यांचा काढा. जवळून. लेन्सचं आतलं छिद्र पूर्ण उघडं ठेवून."

साहेबांनी कॅमेरा उचलला. एकच फोटो काढला. पडद्यावर तो मोठा करून पाहिला. काकांच्या डाव्या डोळ्याची प्रत्येक पापणी वेगळी मोजता येत होती आणि बुबुळात खिडकीचे चारही गज दिसत होते.

साहेब खाली बसले. मग म्हणाले, "एवढ्याशा पत्र्यापायी मी स्वतःला म्हातारा करून टाकलं होतं."

"म्हातारे तर आपण झालोच आहोत," काकू म्हणाल्या. "पण आंधळे नाही."

साहेबांनी लेन्स पुन्हा पुढे केली. काकूंनी ती त्यांच्याच पिशवीत ठेवली. "ही तुम्हाला आता रोज लागणार. आणि खरं सांगू का, माझ्या कामाची नाही ती. एवढी जाड आहे की खिडकीतून बघताना चौकटीचा एक कोपराच झाकून टाकते. आणि गळ्यात घातली की मान आखडते."

त्या संध्याकाळी ड्रायव्हरकाका केस कापायला गेले. मागच्याच आठवड्यात कापून आले होते. न्हाव्याने विचारलं, "काका, काय कापू?" काका म्हणाले, "कात्री नुसती फिरव रे, मी सांगतो ते ऐक."

साहेबांच्या लेन्सने एक गोष्ट मात्र केली. ती दुरुस्त करताना काकूंना कशाचे फोटो काढायचे ते उमगलं. दुकानापासून जवळच एक गल्ली होती. तिथे सगळे दुरुस्तीवाले. बूट शिवणारे आजोबा, कुलपं-किल्ल्यांवाल्या बाई, घड्याळवाले, शिलाई मशीनवाले. कामावर जाता-येता चौतीस वर्षं काकू त्यांच्यासमोरून गेल्या होत्या.

"वस्तू बिघडली की लोकांना आपली आठवण होते, नीट झाली की विसरतात," सकाळी चहा घेताना काकू म्हणाल्या. "त्यांचे फोटो कोण काढतं? मी आयुष्यभर भिंत बघितली. आता मला त्या लोकांना काम करताना बघायचंय."

"मग चल की, आजच जाऊ."

"आज नुसती मापं घ्यायची."

बसच्या एकतीस वर्षांच्या नोकरीत काकांनी केलं नसेल असं काम त्या आठवड्यात केलं. मोजफितीचं एक टोक धरून ते दुकानादुकानांत भिंतीला चिकटून उभे राहिले. बूटवाल्या आजोबांचं दुकान सात फूट खोल, त्यातलं निम्मं बुटांनीच भरलेलं. किल्लीवाल्या बाईंचं तर दुकान म्हणजे जिन्याखालचा कोनाडा. त्या आत बसल्या की बाकीच्यांनी रस्त्यावर उभं राहायचं. काकूंनी पुठ्ठ्याला वेगवेगळ्या मापांची चौकोनी भोकं पाडून आणली होती. ठराविक अंतरावर पुठ्ठा डोळ्यासमोर धरायचा आणि कुठल्या लेन्समध्ये काय मावेल ते बघायचं. कारागीर कामात असला की त्याच्या जागी काकांना बसवायचं.

"हातोडी उचला. जरा वाका. इतके नको, बूट शिवताय, नमस्कार नाही करताय."

बूटवाले आजोबा हसून हसून बेजार झाले. "बाई, यांना माझ्याकडे कामाला ठेवा."

पंधराव्या दिवशी काकू मालकांच्या घरी गेल्या. कपाट आता तिथेच होतं. काका सोबत होतेच.

"पस्तीस आणि पंचाहत्तर," काकू म्हणाल्या.

मालकांनी भुवया उंचावल्या. "आणि पन्नास?"

"नको."

"काकू, रेंजफाइंडर आणि पन्नास नाही?"

"सात फुटांच्या खोलीत पन्नासने माणूस येतो, पण त्याचं दुकान राहून जातं. अठ्ठावीसने दुकान येतं, पण कडेचा माणूस ताणून लांबट दिसतो. पस्तीसने दोन्ही नीट बसतं. मोजून बघितलंय."

"बरं. मग लांबची म्हणून नव्वद घ्या. पंचाहत्तर कोण घेतं?"

"नव्वद एक मीटरच्या आत फोकस करत नाही. किल्लीवाल्या बाईंच्या कोनाड्यात एक मीटर मागे सरकलं तर मी बसखाली जाईन. पंचाहत्तर त्याहून फूटभर जवळ जाऊ देते. मला त्यांचे हात हवेत. शिवाय नव्वदची चौकट खिडकीत टपाल तिकिटाएवढी दिसते, या वयात कशाला डोळ्यांना जाच?"

कपाटात पस्तीसच्या चार लेन्स होत्या. काकूंनी सगळ्यात नव्या, चकचकीत लेन्सकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एक काळी, रंग उडालेली उचलली.

"ही?" मालकांना राहवलं नाही. "अहो, ती नवी घ्या. तिच्यावर लोक जीव टाकतात."

"टाकू देत. छिद्र बारीक केलं की तिचा फोकस मागे सरकतो. मी तीनदा उघडलीय ती, तिचा स्वभाव मला माहीत आहे. ही काळी साधी आहे, पण शब्दाची पक्की. शिवाय ही आणि ती पंचाहत्तर, दोघींच्या कड्या एकाच दिशेने फिरतात, म्हणजे घाईत बोटांचा गोंधळ होणार नाही. आणि दोघींना एकच झाकण चालतं. एक हरवलं तरी अडायला नको."

मालक काकांकडे वळून म्हणाले, "या कपाटातल्या सगळ्यांची अंडीपिल्ली यांना ठाऊक आहेत. आम्ही विकणारे नुसते रंग बघत बसलो."

जिना उतरताना काकांनी ती लहानशी पिशवी दोन्ही हातांनी अशी धरली होती, की येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं आत तान्हं मूल आहे.

पुढचे आठ महिने दोघं त्या गल्लीत जात राहिले. किल्लीवाल्या बाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "थांबा हं, केस नीट करते," आणि काकू म्हणाल्या, "करा सावकाश, माझा झाला काढून." घड्याळवाल्यांना तर काकू आल्या कधी नि गेल्या कधी तेच समजलं नाही.

एका शाळेच्या सभागृहातला पियानो सुरात लावणारे गृहस्थ मात्र तऱ्हेवाईक होते. कामाच्या वेळी कुणी श्वास घेतलेलाही त्यांना खपत नसे. फार मिनतवारीने त्यांनी परवानगी दिली, ती आवाज अजिबात न करण्याच्या अटीवर. दहाव्या मिनिटाला काकांना ठसका लागला. गृहस्थांनी मान वळवून नुसतं दाराकडे बोट केलं. काका बाहेर पायरीवर जाऊन बसले. तासाभराने गृहस्थ हात पुसत काकूंना म्हणाले, "माझं आटपलं. आता तुम्ही तुमचं सुरू करा."

"माझंही आटपलं," काकू म्हणाल्या.

तारेवर कान टेकवून, डोळे मिटून बसलेल्या त्या गृहस्थांचा फोटो पाहून साहेबांनी खुर्ची ओढली आणि सगळेच फोटो एकामागून एक दोनदा पाहिले. मग शहरातल्या तंत्रशाळेच्या प्राचार्यांना फोन लावला. साहेबांनी स्वतः पुन्हा माणसांचे फोटो घ्यायला सुरुवात केली होती, त्यामुळे त्यांचा आवाज हल्ली वरच्या पट्टीत असे. "तुमच्या सभागृहाच्या भिंती रिकाम्या का आहेत?" त्यांनी थेट विचारलं.

असे एकेचाळीस फोटो तंत्रशाळेच्या सभागृहात लागले. पहिल्या दिवशी सगळी गल्ली दुकानं बंद करून आली. बूटवाले आजोबा आपल्या फोटोसमोर गेले. पंचाहत्तरने काढलेला होता, नुसते हात. अंगठ्यावरचा जुना व्रण, नखातलं काळं पॉलिश, दोऱ्याने कापलेल्या बोटावरच्या रेघा. आजोबांनी आधी फोटोकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे, मग पुन्हा फोटोकडे.

"हे माझे?" त्यांनी विचारलं.

"तुमचेच," काकू म्हणाल्या.

आजोबांनी बायकोला जवळ बोलावलं. "बघ. एवढी वर्षं विचारतेस ना, उशीर का होतो म्हणून? बघ आता."

त्यांच्या बायकोने फोटोला हात लावला नाही. आजोबांचा खराखुरा हात मात्र धरला आणि बाकीचे फोटो बघून होईपर्यंत सोडला नाही.

सभागृहाच्या मधोमध ड्रायव्हरकाका उभे होते. कोट इस्त्रीचा, छाती चार बोटं पुढे. लेक आणि जावई त्यांना शोधत आले तेव्हा ते एका अनोळखी जोडप्याला समजावत होते, की पन्नासने माणूस येतो पण दुकान राहून जातं, आणि नव्वद एक मीटरच्या आत जात नाही. जोडपं मन लावून ऐकत होतं. जावई हळूच म्हणाला, "बाबांनी स्वतः किती फोटो काढलेत?" लेक म्हणाली, "दोन. एक कपाचा, एक मोजपट्टीचा. पण मधे बोलू नकोस, ते रंगात आलेत."

प्राचार्यांनी त्याच दिवशी काकूंना विचारलं आणि आता आठवड्यातून दोन दिवस काकू तंत्रशाळेत लेन्सदुरुस्ती शिकवतात. अकरा विद्यार्थी आहेत, त्यांतल्या सात मुली. पहिला महिना काकू कुणाला काच उघडू देत नाहीत. नुसते स्क्रू काढायचे आणि परत बसवायचे. कुरकुर होते, पण वर्ग कुणी बुडवत नाही. दूरच्या दोन शहरांतून आता लेन्स तिथे दुरुस्तीला येतात आणि त्यांच्या पावतीवर तंत्रशाळेचं नाव असतं.

उरलेल्या दिवसांत फोटो चालूच आहेत, त्याच दोन लेन्सवर. उद्या सकाळी बोटीची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका बाईंकडे जायचंय. बाईंनी निरोप पाठवलाय की कपडे तेलाने खराब होतील, जुने घालून या. काकूंनी जुने काढून ठेवलेत. काका म्हणतात, मी चांगलेच घालणार. भिंगकाकूंचा नवरा म्हणून लोक मला बघतात.